बदलांची वही

विमा कंपनीच्या काउंटरवर एक गृहस्थ हातात दोन कागद घेऊन उभे होते. एक टपालानं आलेली नूतनीकरणाची नोटीस, दुसरा काउंटरवरच्या संगणकानं नुकताच छापून दिलेला हिशेब. पॉलिसी एकच, माणूस तोच, पण दोन कागदांवर हप्त्याचे आकडे वेगळे. असे बरेच गृहस्थ त्या दिवशी निरनिराळ्या शहरांत उभे होते, हे आम्हांला दुपारपर्यंत कळलं. 'आम्हांला' म्हणजे त्या कंपनीची संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या पुण्यातल्या आमच्या गटाला. चूक माझी होती.

चूक कशी झाली ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं. हप्ता वयावर ठरतो. वय मोजायच्या दोन रीती आपल्या घरातही असतात : 'पंचेचाळीस पूर्ण' आणि 'शेहेचाळिसावं चालू'. एका योजनेसाठी कंपनीनं पहिली रीत सोडून दुसरी धरायचं ठरवलं. मी हप्ता मोजणारी फाइल उघडली, वयाच्या चार ओळी बदलल्या, चाचण्या घेतल्या, सगळ्या पास. मला ठाऊक नव्हतं ते असं, की नोटीस छापणाऱ्या फाइलमध्येही कुणीतरी फार पूर्वी वयाच्या तशाच चार ओळी स्वतंत्रपणे लिहून ठेवल्या होत्या. या दोन फाइली एकमेकींना हाक मारत नव्हत्या. दोघी वेगवेगळ्या विभागांत राहत होत्या. कागदावरच्या आराखड्यात त्यांच्यामध्ये एकही रेघ नव्हती.

आमच्या गटातल्या सर्वांत जुन्या बाई तेव्हा रजेवर होत्या. परतल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, प्रीमियमला हात लावलास की नोटिशीकडे बघून यायचं असतं. मला एक फोन नाही का करायचास?"

"मॅडम, पण हे लिहिलंय कुठे?"

त्यांनी खणातून जाड पुठ्ठ्याची एक लांबट वही काढली. हिशेबाच्या वह्या असतात तशी. आत त्यांच्या बारीक अक्षरात पानंच्या पानं : हे बदललं की ते बघ, याला धक्का लागला तर त्याची चौकशी कर. वीसेक वर्षांचं शहाणपण, एका प्रतीत.

हा लेख त्या वहीविषयी नाही, तिच्या दुसऱ्या प्रतीविषयी आहे. ती प्रत लिहायला कुणी बसलं नव्हतं, तरी ती रोज लिहिली जात होती आणि आमच्याच सर्व्हरवर पडून होती. तिच्यात काय असतं, ते वाचायचं कसं आणि वाचून कोडची घडण सुधारता येते का, या प्रश्नांवर गेली पंचवीस-तीस वर्षं जगभर संशोधन चालू आहे. त्याची ओळख साहित्याच्या वाचकाला करून द्यावी असं बरेच दिवस मनात होतं.

मोठा प्रोग्रॅम म्हणजे लाखो ओळींचा मजकूर. एका माणसाच्या डोक्यात तो मावत नाही, म्हणून त्याचे भाग पाडतात. त्या भागांना मॉड्यूल म्हणतात. पण भाग पाडायचे कुठे? डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली या प्रश्नावर एक छोटासा निबंध लिहिला. त्यांचं उदाहरण एक सूची करण्याचं होतं. ते आपल्याकडचं करून सांगायचं तर समजा, अभंगांची अशी सूची करायची आहे की चरणातला कुठलाही शब्द आठवला तरी चरण सापडावा. म्हणजे प्रत्येक चरण फिरवून फिरवून त्यातला प्रत्येक शब्द एकदा आरंभी आणायचा आणि मग सगळं अकारविल्हे लावायचं. हा प्रोग्रॅम लिहिताना कुणीही कामाच्या पायऱ्या पाडील : आधी वाचणं, मग फिरवणं, मग लावणं, मग छापणं. प्रत्येक पायरीचं एक मॉड्यूल. पार्नास म्हणाले, हे दिसायला सरळ आहे पण चुकीचं आहे. कारण चरण संगणकाच्या स्मृतीत कसे साठवायचे हा एक निर्णय उद्या बदलला, तर चारही पायऱ्या उघडून बसाव्या लागतील. त्याऐवजी जे निर्णय बदलण्याची शक्यता आहे ते हेरा आणि प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. बाहेरच्यांना तो कळूच नये.

'वय कसं मोजायचं' हा असाच एक निर्णय. आमच्याकडे तो लपलेला नव्हता, सांडलेला होता.

पार्नास यांच्या सल्ल्यात एक अडचण आहे. उद्या काय बदलेल हे आज कसं हेरायचं? अनुभवी माणसाला थोडंफार जमतं, बाकीचे चाचपडतात. या कोंडीतून बाहेर काढणारी गोष्ट योगायोगानं त्याच १९७२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मली होती. मार्क रॉचकाइंड यांनी कोडच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवणारी एक प्रणाली लिहिली. पुढे तिची भावंडं आली : सीव्हीएस, सबव्हर्जन, आणि २००५ साली लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं गिट. नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. त्यांचं काम एकच : कुणी, कधी, कुठल्या फाइलींत, कुठल्या ओळी बदलल्या आणि जाताना काय शेरा लिहिला, याची खतावणी ठेवणं. अशा एका नोंदीला कमिट म्हणतात आणि सगळ्या नोंदींच्या कोठाराला रेपॉझिटरी.

कोठार बांधणाऱ्यांचा हेतू साधा होता. चूक झाली तर मागच्या आवृत्तीवर परतता यावं. त्या नोंदी एकत्र वाचल्या तर त्या काही सांगतील, हे सुचायला आणखी पंचवीस वर्षं गेली. हॅराल्ड गॉल आणि त्यांच्या व्हिएन्नातल्या सहकाऱ्यांनी १९९८ साली टेलिफोन एक्स्चेंजच्या एका मोठ्या प्रणालीच्या वीस आवृत्त्या घेतल्या. कोडच्या आत काय लिहिलं आहे हे त्यांनी पाहिलंच नाही. कुठल्या आवृत्तीत कुठले भाग बदलले, एवढंच पाहिलं. जे भाग पुन्हा पुन्हा एकाच वेळी बदलतात त्यांच्यात काहीतरी नातं असणार, मग कोडमध्ये ते दिसो वा न दिसो. या नात्याला त्यांनी 'लॉजिकल कपलिंग' म्हटलं. मी त्याला 'सहबदल' म्हणतो.

पुण्यात राहणाऱ्याला इथे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवणं साहजिक आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली ती शेकडो हस्तलिखितांची ओळ न् ओळ ताडून. पाठचिकित्सेचं एक जुनं तत्त्व असं की दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्या पोथ्यांचं मूळ एक असण्याचा संभव मोठा. पोथ्या स्वतः आपलं गोत्र सांगत नाहीत, त्यांच्या चुका सांगतात. आमच्या दोन फाइलींचंही तसंच. त्यांचं नातं त्यांच्या बदलांत होतं.

हे नातं मोजायचं कसं? त्यासाठी संशोधकांनी हत्यार उसनं आणलं ते वाण्याच्या दुकानातून. राकेश अगरवाल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ साली दुकानांतल्या बिलांतून 'हे घेणारा तेही घेतो' असे नियम काढण्याची रीत मांडली होती. दिवाळीच्या आठवड्यातली बिलं डोळ्यांसमोर आणा. समजा, शंभर बिलांत पातळ पोहे आहेत आणि त्यांतल्या ऐंशींत डाळंही आहे. दुकानदाराला चिवडा माहीत नसला तरी पोहे घेणाऱ्यासमोर डाळं ठेवावं हे त्याला कळतं. बिलाच्या जागी कमिट ठेवा आणि जिनसांच्या जागी फाइली, झालं. जर्मनीतल्या सारलँड विद्यापीठातले थॉमस झिमरमान, आंद्रेआस त्सेलर आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली हेच केलं. प्रोग्रॅमरनं एक जागा बदलली की त्यांचं 'रोझ' नावाचं साधन सांगायचं : ही जागा बदलणाऱ्यांनी पूर्वी या जागाही बदलल्या आहेत. पहिल्या तीन सूचनांत एक तरी बरोबर असण्याची शक्यता त्यांना ६४ टक्के आढळली. त्याच साली एडिंबरामध्ये या विषयाची पहिली कार्यशाळा भरली. रेपॉझिटरीचं उत्खनन हे नाव तेव्हापासून रूढ झालं.

माझी चूक झाली त्या दिवशी असं साधन माझ्याजवळ असतं तर? हा प्रश्न मला सोडेना. म्हणून एका शनिवार-रविवारी मी आमच्या सबव्हर्जनच्या कोठारातून सगळ्या नोंदी बाहेर काढल्या आणि फाइलींच्या जोड्या मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला.

पहिली यादी निरुपयोगी निघाली. सगळ्यांत वर होती ती आवृत्ती-क्रमांकाची फाइल, जी प्रत्येक कमिटमध्ये बदलायची. भाजीवाल्यानं फुकट टाकलेल्या कोथिंबिरीसारखी ती प्रत्येक पिशवीत होती. त्यावरून घरात भाजी कुठली हे कळत नाही. तिच्या खालोखाल शेकडो फाइलींच्या जोड्या होत्या, कारण दर जानेवारीत कुणीतरी सगळ्या फाइलींच्या माथ्यावरचं साल बदलत असे. फार मोठे कमिट वगळायचे, सर्वत्र असणारी फाइल वगळायची, हे हळूहळू कळत गेलं. नाव बदललेल्या फाइलीचा इतिहास तिथेच तुटायचा. तो जोडून घ्यावा लागला. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे सरमिसळ. माणूस घरी जाण्याआधी दोन असंबद्ध कामं एकाच कमिटमध्ये टाकून मोकळा होतो. किम हेर्त्सिश आणि त्सेलर यांनी २०१३ साली पाच खुल्या प्रकल्पांत पाहिलं, तर चूक-दुरुस्तीच्या नोंदींपैकी १५ टक्क्यांपर्यंत नोंदी अशा सरमिसळीच्या होत्या. आमच्याकडे प्रमाण कमी असेल असं मला मुळीच वाटत नाही.

चाळून उरलेली यादी मी एका मोठ्या चौकटीत मांडली. आडव्या-उभ्या दोन्ही बाजूंना त्याच फाइली, विभागवार लावलेल्या. जी जोडी वारंवार एकत्र बदलते तिचं घर काळं. कर्णावर काळे चौकोन उमटले तर ठीक. एका मॉड्यूलमधल्या फाइली एकत्र बदलतातच, बदलायलाच हव्यात. पडदा बदलला की त्यावरच्या मजकुराची फाइल बदलणार, कोड बदलला की त्याची चाचणी बदलणार. बघायचं ते चौकोनांच्या बाहेर, दूर एकटं पडलेलं काळं घर. आमच्या चौकटीत असं पहिलं घर होतं हप्ता आणि नोटीस यांचं. मी ती चौकट घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेलो. त्यांनी वही काढली आणि आम्ही दोघं मुनीम हिशेब जुळवतात तसे जुळवत बसलो. बहुतेक नोंदी जुळल्या. काही जोड्या वहीत नव्हत्या आणि चौकटीत होत्या, त्या बघून त्या म्हणाल्या, "हे बघ, हे मलाही माहीत नव्हतं हं."

मग काय करायचं? इथे मतभेद आहेत. एकत्र बदलणाऱ्या फाइली एकत्र ठेवाव्यात, संगणकानंच गट पाडावेत, असं म्हणणारी साधनं आहेत. मी तसं करून पाहिलं. एका गटात व्याजाची फाइल, छपाईची फाइल आणि पासवर्डची फाइल एकत्र आल्या. या गटाला नाव काय द्यावं ते आम्हांला सुचेना. शोध घेतला तेव्हा कळलं की तिन्ही कामं काही वर्षं एकाच मुलाकडे होती आणि तो आठवड्याचं सगळं काम शुक्रवारी संध्याकाळी एका कमिटमध्ये टाकायचा. यंत्रानं कोडची घडण नव्हे, त्या मुलाचे शुक्रवार शोधून काढले होते. म्हणून माझं मत असं की सहबदल हे लक्षण आहे. लक्षण दिसलं की तिथला कोड माणसानं वाचायचा आणि विचारायचं, इथे कुठला निर्णय दोन जागी सांडला आहे? हप्ता आणि नोटीस एकत्र आणण्यात काहीच अर्थ नव्हता, दोन्ही कामं वेगळीच होती. आम्ही 'वय' नावाचं एक लहान मॉड्यूल केलं, वय मोजण्याचे सगळे नियम त्यात ठेवले आणि इतरांनी त्याला फक्त विचारायचं असं ठरवलं. पुढच्या वर्षी नियम पुन्हा बदलला तेव्हा कमिटमध्ये वयाची एक फाइल होती आणि तिची चाचणी. चौकटीतलं ते दूरचं काळं घर दोन वर्षांत फिकट होत गेलं.

अशी फेरमांडणी मोठ्या प्रमाणावर होऊ शकते का? याचं मला आवडणारं उदाहरण मोझिलाचं. नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरचा कोड ३१ मार्च १९९८ रोजी जगाला खुला केला. अ‍ॅलन मॅककॉरमॅक, जॉन रुसनॅक आणि कार्लिस बाल्डविन यांनी त्या कोडच्या आवृत्त्या नंतर मोजल्या. त्यांनी सहबदल नव्हे, कोडमधली थेट-अप्रत्यक्ष अवलंबनं मोजली, हे सांगितलं पाहिजे. सुरुवातीला एका फाइलमधला बदल सरासरीनं इतर फाइलींपैकी सुमारे १७ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकत होता. त्याच वर्षी कोडची हेतुपुरस्सर फेरमांडणी झाली आणि वर्षाअखेर हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत आलं. एकत्र बसून काम करणाऱ्या गटाला गुंता चालतो, शेजारच्याला विचारता येतं. दूर राहणाऱ्या अनोळखी माणसाला हात लावता यावा यासाठी कोडला भिंती आणि दारं लागतात.

म्हणजे पुन्हा माणसंच. मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलं होतं की एखादी संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतल्या बोलण्याचालण्याच्या रचनेसारखीच होते. हा लेख त्याआधी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूनं नाकारला होता, ही त्यातली गंमत. आमची नोटीस छापणारी फाइल दुसऱ्या मजल्यावर लिहिली गेली होती आणि हप्त्याची चौथ्या. वयाच्या चार ओळी दोनदा लिहिल्या जाण्याचं खरं कारण बहुधा तो जिना असावा.

आता जी गोष्ट सांगायला मला आवडत नाही ती. माझ्या यादीत मी एक स्तंभ सोयीसाठी ठेवला होता : त्या जोडीत सर्वाधिक बदल कुणी केले त्याचं नाव. यादी चांगली झाली म्हणून मी ती वर पाठवली. महिनाभरानं वार्षिक मूल्यमापनात मॅडमसमोर ती छापून ठेवण्यात आली. सर्वांत जास्त दुरुस्त्या ज्या फाइलींत झाल्या, त्यांत सर्वांत जास्त वेळा त्यांचं नाव का? साहेबांना उत्तर नको होतं, आकडा पुरेसा होता. त्या फाइली कुणी घ्यायला तयार नसायचं म्हणून त्या मॅडमकडे जायच्या, हे कोठारात कुठेच नोंदलेलं नव्हतं. कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या आज्ञेचं नाव सबव्हर्जनमध्ये 'ब्लेम' आहे. त्याच आज्ञेला 'प्रेज' असंही नाव दिलेलं आहे आणि उत्तर दोन्हींचं एकच येतं. मी साहेबांना जाऊन हे समजावलं, पण तोवर शेरा लागला होता. मॅडमनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली. मला त्या एवढंच म्हणाल्या, "तू मुद्दाम केलं नाहीस, माहीत आहे मला. पण तो कॉलम काढून टाक." मी काढला. तेव्हापासून मी कुठल्याही उत्खननात माणसांची नावं मोजणीआधीच पुसतो. तसं केल्यानं काही संशोधन अडतं हे मला ठाऊक आहे. विंडोज व्हिस्टावरच्या २००८ सालच्या एका अभ्यासात तर कुठले भाग बिघडतील याचा अंदाज कोडच्या मापांपेक्षा संस्थेच्या रचनेच्या मापांवरून अधिक नेमका आला होता. संशोधकाच्या हाती ती माहिती कामाची आहे. मूल्यमापनाच्या टेबलावर ती ठेवायला माझी तयारी नाही.

जाताना त्यांनी वही माझ्याकडे दिली. ती पूर्ण वाचायला मला उशीरच झाला. वाचताना एका पानावर थबकलो. दोन फाइलींची नावं, भोवती चौकट, आणि खाली : 'इथे हात लावू नये. विचारून.' माझ्या चौकटीत ही जोडी नव्हतीच. त्या फाइली अकरा वर्षांत एकदाही बदलल्या नव्हत्या आणि माझ्या प्रोग्रॅमनं त्यांना सगळ्यांत निरोगी भागांत घातलं होतं. कोठारात घडलेल्या बदलांची नोंद असते. भीतीनं टाळलेल्या बदलांची नसते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी फोन केला. मॅडम तेव्हा नातवाला शाळेतून आणायला निघाल्या होत्या, म्हणाल्या रात्री कर. रात्री त्यांनी तास-दीड तास समजावून सांगितलं : २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या माणसाचा वाढदिवस साध्या वर्षी कधी धरायचा, हे एका फाइलीत २८ तारखेला होतं आणि दुसरीत १ मार्चला. दोघींचं उत्तर एका जुन्या योजनेत परस्परांना सावरून घेत होतं. एक दुरुस्त केली असती तर दुसरी उघडी पडली असती. मी वहीच्या त्याच पानावर खाली तारीख घालून सगळं उतरवून घेतलं आणि सोमवारी दोन्ही फाइली एकत्र उघडल्या.